‘थोडं दुखणारच’ म्हणजे नेमकं किती?

पेसमेकर बसवलेल्या बाईला घरी पाठवताना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं : ‘थोडं दुखणारच.’ मी ते डॉक्टरांकडून ऐकलं, सिस्टरकडून ऐकलं आणि घरी भेटायला आलेल्या नातेवाइकांकडूनही ऐकलं. पुढे आमच्या आणि आसपासच्या गटांत पेसमेकर बसवलेल्या आणखी पाच-सहाजणी भेटल्या. त्या सगळ्यांना हेच सांगितलेलं होतं. पण थोडं म्हणजे किती, किती दिवस, कशानं कमी होईल आणि कमी झालं नाही तर कोणाकडे जायचं, हे एकीलाही कोणी सांगितलं नव्हतं.

माझं म्हणणं साधं आहे. ऑपरेशननंतरचं दुखणं आवरणं हा ऑपरेशनचाच भाग आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. शिवाय बाईचं हे दुखणं नुसत्या गोळीनं आवरत नाही. तिच्या हातातलं काम दुसऱ्या कोणीतरी उचलावं लागतं. आज यातली पहिली गोष्ट रुग्णालय करत नाही आणि दुसरी गोष्ट घर करत नाही. दोन्हीकडची कसर बाई सोसून भरून काढते.

हे ऑपरेशन नेमकं काय असतं?

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. पेसमेकर म्हणजे साधारण वीस ते तीस ग्रॅम वजनाची, तळहातात सहज मावणारी चपटी डबी. हृदयाचे ठोके फार मंद पडले किंवा मध्येच थांबू लागले की ती विजेचा अगदी बारीक ठोका देऊन हृदय चालू ठेवते. बहुतेक वेळा डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली चीर घेतात, कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये डबीपुरता खिसा तयार करतात आणि शिरेतून वायर हृदयापर्यंत नेतात. जागा बधिर करतात, थोडी गुंगी देतात. तास-दीड तासाचं काम. जीवघेणी लय बिघडली तर धक्का देऊन ती ताळ्यावर आणणारं दुसरं यंत्र असतं, त्याला आयसीडी म्हणतात. ते पेसमेकरपेक्षा मोठं आणि जड असतं. बसवण्याची पद्धत बरीचशी अशीच.

वैद्यकाच्या हिशेबात हे ‘लहान’ ऑपरेशन. पोट फाडत नाहीत, छाती उघडत नाहीत. पण बधिरपणा उतरला की कातडीखाली सोडवलेलं मांस ठणकायला लागतं. पहिले दोन-तीन दिवस ठणका जोरात असतो, मग आठवड्या-दोन आठवड्यांत उतरत जातो. अंगानं बारीक असलेल्या बाईला डबीची कड कातडीला आतून टोचत राहते. कधी डबी स्नायूच्या खाली ठेवावी लागते, मग दुखणं आणखी वाढतं. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं टिकते. म्हणजे पस्तिशीत पेसमेकर बसलेल्या बाईच्या त्याच जागी पुढे दोनदा, तीनदा, चारदा चीर पडणार आहे. ज्या गोष्टीतून माणसाला आयुष्यात इतक्या वेळा जायचंय, तिच्या दुखण्याबद्दल एक धड कागदही नसावा?

‘बाळंतपणं काढलीत ना?’

मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पेसमेकर बसला. रुग्णालय मोठं, नावाजलेलं. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहिल्या रात्री मी दुखतंय म्हणून सांगितलं, तर उत्तर मिळालं, ‘दोन बाळंतपणं काढलीत ना? मग एवढ्याशा टाक्यांना काय घाबरता?’ दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा झोपेची गोळी मिळाली. झोप लागली, ठणका तसाच राहिला. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मला विचारण्याऐवजी विचारलं, ‘मिस्टर कुठे आहेत?’ हात किती वर न्यायचा, ड्रेसिंग कधी, गोळ्या कुठल्या, हे सगळं माझ्या उशाशी उभं राहून माझ्या नवऱ्याला सांगितलं गेलं. चीर माझ्या अंगावर, खांदा माझा आणि सूचना त्याला!

बाळंतपणाचं ते वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. बाईनं एकदा मोठं दुखणं सोसलं की पुढचं प्रत्येक दुखणं तिनं फुकट सोसायचं, असा त्याचा अर्थ. आणि बाळंतपणात तरी कोण तिचं दुखणं ऐकून घेतं? सरकारी प्रसूतिगृहात कळा देणाऱ्या बाईला काय काय बोलतात, कधी हातही उगारतात, हे आपल्या आरोग्य शिबिरांतून आपण किती वर्षं ऐकत आलोय. तिथं गप्प बसवायला शिकलेली व्यवस्थाच इथंही गप्प बसवते.

त्या सिस्टरवर माझा राग नाही. रात्रपाळीला एकटी बाई सगळा वॉर्ड सांभाळत होती. लिहून दिलेली गोळी द्यायची एवढाच तिला अधिकार आणि कागदावर दुखण्याची गोळी ‘लागल्यास’ म्हणून लिहिलेली. लागली आहे की नाही हे ठरवायचं कोणी? जिला लागते तिचा शब्द धरायचा नाही, हीच तर मेख आहे.

हा भास नाही

कोणी म्हणेल, ही तुमची एकटीची गाऱ्हाणी. तसं नाही. १९९० साली कॅरन काल्डेरोन या अमेरिकन संशोधक बाईंनी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पुरुषांना दुखणं कमी करणारी औषधं जास्त वेळा दिलेली आढळली आणि बायकांना गुंगी आणणारी. पुरुषाचं दुखतं, बाई अस्वस्थ होते! २००१ साली डायान हॉफमन आणि अनिता टारझियन या दोघींनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की बायकांनी सांगितलेलं दुखणं ‘मनाचं’ समजून बाजूला सारण्याकडे वैद्यकाचा कल असतो. मला मिळालेली झोपेची गोळी काही आभाळातून पडलेली नव्हती.

या यंत्रांचा इतिहासही पाहा. माणसाच्या अंगात पूर्णपणे आत बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांची नावं पुस्तकांत येतात. त्या दोघांच्या मागे लागून, यंत्र तयार नाही म्हणत असताना ते करायला लावलं ते लार्सन यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण पुढे विसाहून अधिक पेसमेकर बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. १९८० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिली आयसीडी बसली, ती तर एका बाईच्याच अंगात. आणि पुढे ही यंत्रं कोणाला बसवावीत हे ठरवणारे मोठे अभ्यास झाले तेव्हा? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅडिट-दोन’ या अभ्यासात १२३२ रुग्ण होते आणि त्यांत बायका शंभरात सोळाच्या आसपास. बहुतेक मापं पुरुषाच्या छातीवर घेतली गेली. मग डबीची जागा, चिरेची जागा, दुखण्याचा अंदाज, सगळं त्याच मापानं आलं.

पदर कुठल्या खांद्यावर असतो?

डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं : ‘जखमेवर दाब येऊ देऊ नये.’ हे लिहिणाऱ्यानं एकदा तरी विचार केलाय का, की साडीचा पदर डाव्या खांद्यावरच असतो? पिन तिथंच लागते. ब्रेसियरचा पट्टा बरोबर त्या डबीवरून जातो. मंगळसूत्र हलताना टाक्यांना घासतं. ब्लाउज अंगात घालायचा तर हात मागे न्यावा लागतो. जड स्तन असलेल्या बाईच्या छातीची कातडी उभं राहिलं की खाली ओढली जाते आणि प्रत्येक पावलाला टाके ताणतात. पुरुषासाठी ‘सैल शर्ट घाला’ एवढं पुरतं. बाईसाठी काय, हे कार्डावर नसतं आणि डॉक्टरांना विचारायची तिला लाज वाटते.

खरं तर उपाय फार अवघड नाहीत. काही आठवडे पुढून बटणं असलेला सैल ब्लाउज किंवा गाऊन घालावा. पदर उजव्या खांद्यावर घ्यावा. पट्ट्याखाली मऊ सुती कापडाची घडी ठेवावी किंवा जखम भरेपर्यंत पट्टा नकोच. झोपताना छातीला हलका आधार द्यावा. मंगळसूत्र काही दिवस काढून ठेवलं तर नवऱ्याला काही होत नाही. ऑपरेशनच्या आधी बाईला विचारलं पाहिजे की तू डावखुरी आहेस का, काम कसलं करतेस, मूल अंगावर पितं का, कुठल्या कडेवर घेतेस. चीर काखेच्या बाजूला किंवा स्तनाखालच्या घडीत घेण्याच्याही पद्धती आहेत. त्या प्रत्येकीला योग्य ठरतील असं नाही, पण त्या आहेत एवढं तरी तिला कळायला नको का?

सहा आठवडे हंडा कोण उचलणार?

आता मुख्य गोष्ट. वायर हृदयात पक्की बसेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, ओढायचं-ढकलायचं नाही. ही सूचना योग्यच आहे. पण बाईच्या दिवसात ती नेऊन ठेवा. नळावरून हंडा आणायचा. धुणं पिळून दोरीवर टाकायचं. फळीवरचा डबा काढायचा. कणीक तिंबायची. गॅसचं सिलिंडर सरकवायचं. मुलाला कडेवर घ्यायचं. स्वतःची वेणी घालायची. लोकलमध्ये वरची कडी धरायची. यातलं एकही काम कार्डावर लिहिलेलं नसतं. कार्डावर असतं ‘नेहमीची हलकी कामं करण्यास हरकत नाही’. आणि घरकाम हलकं असतं, असं सगळ्यांचं एकमत आहे!

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात आणि पुरुषांची ९७, असं दिसलं. या पाच तासांचं सहा आठवडे काय करायचं, हा प्रश्न वैद्यकीय आहे. कारण त्या पाच तासांवरच दुखणं अवलंबून आहे. पॅरासिटामॉल घेऊन ठणका जरा उतरला की बाई उठते आणि कपडे वाळत घालते, रात्री पुन्हा कळा. मग म्हणायचं, हिला गोळी लागूच पडत नाही, हिचं सगळं मनाचं.

आमच्या गटातली एक बाई चार घरी धुणंभांडी करते. तिला महात्मा फुले योजनेतून पेसमेकर बसला, ऑपरेशनला पैसा लागला नाही. पण योजना तिच्या सहा आठवड्यांच्या पगाराचं बोलत नाही. दहाव्या दिवशी दोन घरांनी दुसरी बाई बघतो म्हणून कळवलं आणि बाराव्या दिवशी ती कामावर गेली. ‘बाईसाहेब, हात दुखतो की नाही ते मी बघतच नाही,’ असं ती मला म्हणाली. तिच्यासाठी दुखणं आवरण्याचा उपाय पगारी रजा हाच होता. तो कोणत्याही मेडिकलच्या दुकानात मिळत नाही.

सोसण्याची किंमत

सोसण्यानं काही बिघडत नाही, असं समजू नका. त्याची किंमत शरीर मोजतं. तीन गोष्टी प्रत्येकीनं लक्षात ठेवाव्यात.

पहिली, गोळ्या. रुग्णालयातून धड औषध मिळालं नाही की बाई कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची गोळी आणते. तिच्यात बहुधा डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन असतं. हृदय कमजोर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ही औषधं घातक ठरू शकतात. अंगात पाणी साठतं, रक्तस्राव वाढतो. साधारणपणे आधी पॅरासिटामॉलच देतात आणि तेसुद्धा कळ असह्य झाल्यावर नव्हे, पहिले काही दिवस ठरलेल्या वेळेला. किती आणि किती वेळा, हे वजन आणि यकृत पाहून डॉक्टरांनी लिहून द्यायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर त्याहून जोरदार औषध थोडे दिवस देता येतं. ते मागणं म्हणजे व्यसन नव्हे. ड्रेसिंगवरून कोरड्या कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरला तर आराम पडतो, जखम मात्र भिजू द्यायची नाही. शेक, मालिश, लेप यांच्या वाटेला जायचं नाही.

दुसरी, खांदा. दुखण्याच्या आणि वायर निसटण्याच्या भीतीनं कित्येकजणी हात छातीशी बांधूनच ठेवतात. दोन महिन्यांनी खांदा असा आखडतो की मूळ दुखणं परवडलं. हात वर न्यायचा नाही म्हणजे हलवायचाच नाही असं नव्हे. मूठ उघडमीट, मनगट, कोपर, आणि खांद्याच्या पातळीच्या खाली हळूहळू हात झुलवणं, हे दुसऱ्या दिवसापासून करायचं असतं. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनं ते करून दाखवायचं असतं. मला ते कोणी दाखवलं नाही.

तिसरी, आणि सगळ्यात गंभीर. दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. ते वाढू लागलं, जागा लाल, गरम झाली, सूज टणक झाली, पाणी किंवा पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी जिथं यंत्र बसवलं तिथं जायचं. सुजेत सुई घालून रक्त काढायला गल्लीतल्या दवाखान्यात कोणाला देऊ नका, त्यानंच जंतू आत जातात. खिशात पू झाला की बहुतेक वेळा डबी आणि वायर, सगळंच काढावं लागतं. म्हणजे पहिल्यापेक्षा अवघड ऑपरेशन. जागा छातीची असल्यानं बाई ती घरात कोणाला दाखवत नाही, पुरुष डॉक्टरांना दाखवायला कचरते. तिला आधीपासून ‘थोडं दुखणारच’ असं सांगून ठेवलेलं. मग वाढतं दुखणंही तिला ‘थोडंच’ वाटतं. त्या एका वाक्यानं बाईचा धोक्याचा भोंगाच बंद करून टाकलेला असतो.

आक्षेप घेणाऱ्यांना

‘जीव वाचला ना, मग दुखण्याचं काय घेऊन बसलात?’ जीव वाचवल्याबद्दल आभार मानून झालेत. वाचलेला जीव खांद्यासकट वापरायचा असतो.

‘पुरुषांनाही दुखतं.’ दुखतंच. त्यांचंही दुखणं आवरा. पण पुरुष घरी गेला की त्याच्या हातात ताट येतं आणि बाई घरी गेली की तिच्या हातात पोळपाट येतो. एकच कागद दोघांना देणं म्हणजे समानता नव्हे.

‘डॉक्टरांना वेळ नसतो.’ कबूल. पण एका पानाचा मराठी कागद छापायला, ‘लागल्यास’ऐवजी गोळीची वेळ लिहायला आणि सूचना नवऱ्याऐवजी बाईला सांगायला मिळून पाच मिनिटं लागतात.

‘बायका सांगतच नाहीत.’ सांगणाऱ्या बाईला नाजूक, कुरकुरी, नाटकी म्हणून आपणच नावं ठेवतो. सासूनं, आईनं, शेजारणीनं ‘आम्ही काय काय सोसलं’ याचे पाढे वाचायचे आणि मग म्हणायचं बाई सांगत नाही. सोसणं हा बाईचा दागिना नाही, मैत्रिणींनो. तो उतरवून ठेवायला आपल्यापासून सुरुवात करायला हवी.

आपण काय मागायचं, काय करायचं

१९८६ साली नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा मूळ प्रश्न एकच होता : बाईच्या शरीरात जे जातं, त्याची पूर्ण माहिती तिला आहे का? पेसमेकर हे काही नको असलेलं औषध नव्हे, तो हवाच आहे. पण प्रश्न तोच लागू आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात माहिती मिळण्याचा आणि आपल्या नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क आहे. त्याचा आधार घेऊन आपण रुग्णालयांकडे हे मागू या :

ऑपरेशनच्या आधी बाईशी, तिच्या भाषेत, दुखण्याबद्दल बोलणं व्हावं.

वॉर्डात ताप आणि नाडी लिहितात तसं दुखणंही शून्य ते दहा आकड्यांत विचारून कागदावर लिहावं, आणि बाई सांगेल तोच आकडा लिहावा.

डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव, वेळ, दिवस, कुठल्या गोळ्या टाळायच्या, खांद्याचे व्यायाम आणि धोक्याची लक्षणं मराठीत असावीत. हंडा, धुणं, मूल उचलणं यांचा नावानिशी उल्लेख असावा.

आठव्या-दहाव्या दिवशी जखम तपासायला बोलवावं आणि बाईनं मागितलं तर तिथं स्त्री कर्मचारी हजर असावी.

सरकारी योजनेतून ऑपरेशन झालेल्या मोलकरणीला, शेतमजूर बाईला, भाजीवालीला त्या सहा आठवड्यांची बुडीत मजुरी मिळावी.

आणि हे मंजूर होईपर्यंत थांबायचं कारण नाही. गटातल्या, वस्तीतल्या एखादीचं असं ऑपरेशन ठरलं की दोघीजणींनी आधीच तिच्या घरी जाऊन बसावं. नवरा, मुलगा, सून, सासू सगळ्यांना समोर बसवून सहा आठवड्यांच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहावं. पाणी कोण भरणार, धुणं कोण वाळत घालणार, पोळ्या कोण लाटणार. ती कुठं मोलानं काम करत असेल तर त्या घरी जाऊन रजेचं बोलावं. तिच्यासोबत रुग्णालयात जावं, आणि डॉक्टर ‘मिस्टर कुठे आहेत’ म्हणाले तर सांगावं, ‘डॉक्टर, पेशंट या आहेत. यांच्याशी बोला.’